पटेपर्यंत मोजणारा माणूस

आमचे मोशीतले घरमालक मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. मूर्ख माणूस चुकून का होईना, कधीतरी दुसऱ्याचं ऐकतो. हे कधीच ऐकत नसत. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधून आपण निवृत्त झालो, असं ते सांगायचे. माझ्या मते कंपनीने त्यांना फक्त गेटबाहेर सोडलं होतं, निवृत्त ते झालेच नव्हते. सकाळी आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट चढवून आणि खिशाला व्हर्नियर अडकवून ते जिन्यात येत आणि स्वतःच्याच घराचं इन्स्पेक्शन सुरू करत. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी. बाकीचे म्हातारे खिशाला पेन लावतात, हे व्हर्नियर लावत.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. माझा नवरा हिंजवडीच्या आयटीवाल्यांना ने-आण करणारी कॅब चालवतो. मी चाकणला, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर आहे. आम्ही मूळचे परभणीकडचे. खोली बघायला गेलो तेव्हा मी क्वालिटीत आहे हे कळल्यावर घरमालक काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्यातल्याच," म्हणाले आणि किल्ली हातात ठेवली. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक म्हणून मारली नाही. "काय क्वालिटीवाल्या बाई!" असंच ओरडायचे, तेही रस्त्यातून.

त्यांच्याकडे एक लाल खडू आणि एक हिरवा खडू असे. कंपनीत खराब नगावर लाल रंग लावतात, चांगल्यावर हिरवा, तीच पद्धत त्यांनी घरी आणली होती. आमच्या चपला पायपुसण्याच्या बाहेर दिसल्या की त्यांच्याभोवती लाल गोल. नवऱ्याने स्कूटर जरा तिरकी लावली की टायरखाली लाल रेघ. एकदा आमच्याकडे पाहुणे आले होते, त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवरही लाल गोल निघाला. मामेसासऱ्यांना वाटलं पोलिसांनी काहीतरी केलंय, जेवण घशाखाली उतरेना त्यांच्या. हिरवा खडू मात्र काका क्वचितच बाहेर काढत. मी तो बघितला तो बहुतेक वेळा त्यांनी स्वतः केलेल्या कामावर.

खालच्या मजल्यावर ते आणि काकू दोघंच. मुलगी लग्न होऊन नगरला. काकू मूळच्या मोशीच्याच. घर ज्या जागेवर उभं आहे ती काकूंच्या वडिलांची, पूर्वी तिथे ज्वारी व्हायची. काका साताऱ्याकडून नोकरीला आले, गावातली मुलगी केली आणि सासऱ्याच्या रानात घर बांधून मालक झाले. दारावरच्या पाटीवर नाव फक्त त्यांचं आहे. काकूंना त्याचं काही वाटत नसे, मला मात्र जिना चढताना रोज वाटायचं.

भाकरी ताटात आली की काका व्हर्नियर काढून तिची कड मोजत. माझ्या डोळ्यांदेखत.

"कडेला जाड, मध्ये पातळ. प्रोसेसवर कंट्रोल नाही."

"खावा की गप," काकू चुलीपुढून... म्हणजे गॅसपुढूनच, पण त्या बसायच्या चुलीपुढे बसल्यासारख्या... तिथून म्हणायच्या. "न्हाईतर कालवान त्या पट्टीलाच लावा."

भाकरीवरून त्या नवऱ्याला असं सुनावायच्या. पण दवाखाना, औषधं, कागदपत्रं आली की गप्प. "त्यांला कळतंय त्यातलं. कंपनीत हुते ते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून कानात आहे. कंपनीत तर मीही होते, तो भाग वेगळा.

काकांची एक आवडती गोष्ट होती आणि ती ऐकल्याशिवाय त्यांच्याकडून चहा मिळत नसे. कंपनीत म्हणे एकदा शाफ्टचा, म्हणजे गाडीतल्या लोखंडी दांड्यांचा, मोठा लॉट अडकला होता. माप बसत नव्हतं. साहेब घाबरलेले, गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय. "मी म्हटलं, परत मोजा. परत मोजलं, मापाबाहेर. म्हटलं दुसरा गेज आणा. त्याच्यावरही बाहेर. म्हटलं तिसरा आणा. तिसऱ्यावर बसलं की नाही! लॉट पास. आकडा पटला नाही तर परत मोजायचं. पटेपर्यंत मोजायचं. त्याला क्वालिटी म्हणतात. एक नग परत आला नाही."

"पण काका, रस्त्यावर गाडीत तुटला असेल तर?"

"ते सर्व्हिस डिपार्टमेंट बघतं."

आमच्या टेबलावर असं कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी बस धरायची गरज उरत नाही. पण मी हसायचे आणि चहा प्यायचे. तेव्हा ती गोष्ट विनोदी वाटायची.

मग काकूंची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटायची नाही, दाराची कडी काढता यायची नाही. चिंचवडच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा वयाचा गुडघेदुखीवाला वात नाही, हा आतून पेटणारा संधिवात आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. गोळ्या सुरू झाल्या आणि अधूनमधून रक्त तपासायचं ठरलं. त्यात एक तपासणी सीआरपीची. कोविडच्या वर्षांत हे नाव आमच्याकडे भाजीच्या गाडीवरसुद्धा ऐकू यायचं, त्यामुळे काकांना ते नवीन नव्हतं. शरीरात सूज पेटली की रक्तात हे प्रथिन वाढतं. बायकोच्या एवढ्या मोठ्या आजारात काकांना आवडलेली गोष्ट एकच, ती म्हणजे याला आकडा आहे.

एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारची, आणि काकूंना सोबत बाई हवी होती. आकडा बराच वर गेला होता. डॉक्टरीणबाई शांतपणे, पुन्हा सांगावं लागू नये असं समजावून सांगत होत्या.

"काका, ही सूज फक्त बोटांत आहे असं समजू नका. सूज भडकली की शरीर काही प्रथिनं रक्तात सोडतं. ती रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिथावतात आणि रक्त गोठवणारी सगळी यंत्रणा जागी करतात. जखम नसताना रक्त गोठायला लागतं. सीआरपी त्याच टोळीतला. मोजायला सोपा म्हणून आपण तो मोजतो. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि एखादाच पाय अचानक सुजला, पोटरी दुखली, तर त्याच दिवशी यायचं. पायात गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं."

काका खुर्चीत ताठ बसले. हा त्यांचा प्रांत होता.

"मॅडम, सूज हा एक डिफेक्ट. गुठळी हा दुसरा डिफेक्ट. एकाचं खापर दुसऱ्यावर फोडायचं नसतं. आमच्याकडे असा रिपोर्ट लिहिला तर मेमो मिळायचा."

"शरीरात डिपार्टमेंटं नसतात, काका."

"तिथेच तर गडबड आहे," काका म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. काकू आपली पिशवी मांडीवर धरून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय, अशा बसल्या होत्या.

घरी आल्यावर काकांनी जाहीर केलं की हा आकडा आपल्याला पटलेला नाही. मग काकूंची वरात निघाली. आधी मोशीतली एक लॅब. आकडा वर. मग चिंचवडची दुसरी. वर. मग कुणीतरी सांगितलं म्हणून थेट रावेत. तिथेही वर. काकूंच्या कोपरापाशी सुयांनी निळे डाग पडले. "डास चावल्यागत हुतंय, दुसरं काय न्हाई," असं त्या मला सांगायच्या आणि पदर ओढून घ्यायच्या. शेवटी मोबाइलचं दुकान आणि चिकन सेंटर यांच्यामध्ये नुकतीच उघडलेली एक लॅब काकांना सापडली. तिथला मुलगा रक्त काढताना फोनवर बोलत होता, असं काकूंनीच मला सांगितलं. त्या लॅबचा आकडा नॉर्मल आला.

काकांनी हिरवा खडू काढला. रिपोर्टवर बरोबरची खूण केली. आणि पेढे आणले. देवाशप्पथ सांगते, पेढे आणले आणि वर येऊन आमच्या हातावर ठेवले. "काकू ओके," म्हणाले.

मी म्हटलं, "काका, चार ठिकाणी एक सांगतात आणि एक जण वेगळंच सांगतोय. मग चुकतोय कोण?"

"क्वालिटीत राहून एवढं कळत नाही? ड्रॉइंगमध्ये, ठरलेल्या मापात बसतो तो आकडा बरोबर."

"आणि गोळ्या?"

"ओके मालावर पुन्हा काम करायचं नसतं."

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. मी खाली जाऊन काकूंना सांगितलं, डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय थांबवू नका. काकू थोडं हसल्या. "जाऊ दे पोरी. त्या गोळ्यांनी लई मळमळायचं. बरंच झालं की." त्यांना बिचारीला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. तिथे माझं काही चाललं नाही.

हळूहळू काकूंची बोटं पुन्हा फुगली. मग मनगटं, मग गुडघे. काका रोज सकाळी विचारत, "दुखणं दहापैकी किती?" काकू म्हणत, "हाय आपलं." हे उत्तर आकड्यात बसत नसल्यामुळे काका ते धरतच नसत. भाकऱ्या बंद झाल्या, कारण काकूंना पीठ मळता येईना. काका कोपऱ्यावरच्या मेसमधून पोळ्या आणू लागले आणि त्या मोजून त्यांची तारीफ करू लागले. सगळ्या एकसारख्या म्हणे. इतका संताप यायचा मला, की जिन्यात ते समोर आले तर मी भिंतीकडे तोंड करून खाली उतरायचे.

एका बुधवारी मी पहिल्या शिफ्टहून परत आले तर काकू पायरीवर बसलेल्या. मला बघून त्यांनी साडी जरा वर केली. डावी पोटरी उजवीच्या जवळजवळ दीडपट. कातडी ताणलेली, चकचकीत. हात लावला तर गरम. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. उजवा पाय होता तसाच होता.

"सकाळपासनं ठणकतंय गं. तेल लावून दाब म्हनत्यात हे."

"कुणी हात लावायचा नाही या पायाला," मी म्हटलं आणि काकांना शोधायला गेले. ते गेटच्या आत गाड्या लावायच्या जागेवर पिवळे पट्टे रंगवत बसले होते. मी सांगितलं, एकच पाय सुजलाय, डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता निघू या. ते ब्रश घेऊन तसेच बसून राहिले. उठून पाय बघायलाही आले नाहीत.

"रिपोर्ट ओके आहे. पाय लोंबकळत ठेवून मालिका बघत बसते, म्हणून सुजतो."

"काका, एकदा बघा तरी."

"उद्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये परत मोजून घेऊ. तुम्ही तुमच्या वायरी तपासा."

मी नको नको ते बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण समोरच्या गॅरेजमधले शेखभाई हातातलं काम टाकून बाहेर आले होते, यावरून अंदाज येईल. काकूंचा हात धरून म्हटलं, चला, मी नेते. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही. "उद्या जाऊ म्हनत्यात न्हवं," काकू म्हणाल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या. जीव या बाईचा, पाय या बाईचा, जागासुद्धा या बाईच्या बापाची, आणि परवानगी त्या पिवळ्या पट्टेवाल्याची!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी कपडे वाळत घालत होते तेव्हा खालून भांडं पडल्याचा आवाज आला. धावत गेले. काकू स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या होत्या, छातीवर हात. श्वास वरच्या वर तुटत होता. "पोरी" एवढं म्हणायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. काका शेजारीच होते, फोन कानाला लावून. मला वाटलं अँब्युलन्स बोलावतायत. ते लॅबवाल्याला बोलावत होते. "घरी येऊन सॅम्पल घेता ना तुम्ही?"

मी फोन हिसकावून ओट्यावर टाकला आणि दारातून शेखभाईंना हाक मारली. ते तेलकट हातांनीच आले. "उचला चाचींना. गाडी गिऱ्हाइकाची हाय, असू दे, मी बघतो त्याला." नवरा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला, त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी काकूंना घेऊन मागे बसले. काका पुढे, मांडीवर फाइल घेऊन. शेखभाई भोसरीपर्यंत हॉर्नवरचा हात न काढता गेले. काकूंचे ओठ निळसर पडत चालले होते आणि मी नुसती त्यांची पाठ चोळत होते. इतकी घाबरले होते की देवाचं नावही आठवेना.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी काकूंना ऑक्सिजनचा मास्क लावला, नाडी धरली आणि काकांना विचारलं, "पाय वगैरे सुजला होता का? कोणता?"

काकांनी फाइल उघडली. "सीआरपी नॉर्मल आहे. हा बघा, शेवटचा..."

"आकडा नको, काका. पाय कोणता?"

काकांची नजर काकूंच्या पायांकडे गेली, पण पायांवर चादर होती. चाळीसेक वर्षांचा संसार, रोजची भाकरी पट्टीने मोजलेली, आणि बायकोचा कोणता पाय दोन दिवस ठणकतोय ते या माणसाला सांगता येईना. शेवटी म्हणाले, "उजवा."

काकूंनी मास्कच्या आत मान हलवली.

"डावा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चादर काढली. विचारायची गरजच नव्हती, आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. पुढे सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. पोटरीच्या वरपर्यंत शिरेत गुठळी धरली होती आणि तिचे तुकडे फुप्फुसात गेले होते. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू करतोय, म्हणाले, पण दोन दिवस काही सांगता येणार नाही. काकांनी विचारलं, सुरू करायच्या आधी एकदा परत तपासून घेता येईल का. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नर्सला हाक मारली.

ते दोन दिवस आम्ही बाहेरच्या बाकावर काढले. नगरहून मुलगी येईपर्यंत मीच होते. चिंचवडच्या डॉक्टरीणबाई येऊन काकूंना बघून गेल्या. जाताना दारात थांबल्या. "गोळ्या बंद केल्या, सूज मोकाट सुटली, आणि सुजेनेच रक्त गोठवलं," एवढंच बोलल्या. काका ऐकत होते. मग त्यांनी मला विचारलं, म्हणजे नक्की काय झालं. मी सांगितलं, अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. सूज आली, तिची प्रथिनं रक्तात उतरली, त्यांनी रक्ताला गोठायला लावलं. दोन डिफेक्ट नव्हते काका, एकच होता. पहिल्या दिवशी बाईंनी हेच सांगितलं होतं.

काका हातातली फाइल उलटीसुलटी करत राहिले. त्या दिवशी त्यांनी व्हर्नियर लावला नव्हता आणि शर्टालाही इस्त्री नव्हती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या माणसाची दया आली. मला वाटलं, पोचलं आत कुठेतरी.

काकू तरल्या. तिसऱ्या दिवशी मास्क निघाला, नाकाला नळ्या राहिल्या. बोलायला लागल्या. मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा काका आत आले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. घसा खाकरला. मी फणी थांबवली. म्हटलं, आता हा माणूस माफी मागणार, आपण बाहेर जावं.

"अगं, मी सगळा विचार केला," काका म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं. "मूळ कारण सापडलं. पहिली लॅब बरोबर होती. तिचा आकडा अचूक होता. आता इथून पुढे सगळं तिथेच करू."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखादा पत्ता चुकलेला माणूस दारात आला की आपण बघतो, तसं.

"तुमी भायेर बसा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण मी काय म्हणतोय..."

"भायेर बसा. औषधाचं मी डाक्टरीनबाईला इचारीन. माझं मी इचारीन. तुमी न्हाई." एवढं बोलून त्यांना धाप लागली, म्हणून थोडं थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बस हितं, पोरी. ईंचर."

काकांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"किती वेळ बसू?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे मिटून घेतले आणि डोकं माझ्याकडे कलवलं. मी विंचरायला लागले. काका थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभे राहिले आणि मग फाइल काखेत धरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.